खाडीकाठचा एक प्रश्न

नौपाडा, ठाणे. रविवार, रात्री साडेदहा.

आज सकाळी ऐरोलीच्या खाडीकाठी आमच्या झाडांच्या गटातली चौदा माणसे भेटली आणि त्यांत त्या दोघी, सासू आणि सून, आल्या होत्या. त्या आल्या याचा मला किती आनंद झाला हे इथे लिहून ठेवायचे आहे, कारण माझ्याच दुर्लक्षामुळे त्या आम्हाला कायमच्या दुरावल्या असत्या.

हा गट मी व्हॉट्सॲपवर २०१९ साली सुरू केला तेव्हा आम्ही अकरा जण होतो. रस्त्यात दिसलेल्या झाडाचा फोटो टाकायचा आणि ज्याला नाव ठाऊक असेल त्याने ते सांगायचे, एवढेच त्याचे स्वरूप होते. कुणी बहाव्याचा फोटो टाकला की मी नाव सांगून थांबत नसे. झाड कुठल्या गल्लीतले आहे, गेल्या वर्षीच्या शेंगा अजून लोंबत आहेत का, तुम्ही रोज तिकडूनच जाता का, असे विचारत असे, आणि त्या विचारण्यातूनच माणसे बोलती होत. वर्तकनगरचे एक आजोबा खिडकीबाहेरच्या ताम्हणाची खबर रोज सकाळी कळवू लागले, ते याच विचारपुशीमुळे.

२०२२ मध्ये व्हॉट्सॲपने गटाची मर्यादा २५६ वरून ५१२ आणि त्याच वर्षी पुढे १०२४ केली, तेव्हा मला ती सोयच वाटली. माणसे भराभर येत गेली, संख्या तीनशे ऐंशीवर पोहोचली आणि त्या आकड्याचा मला अभिमान वाटू लागला. त्याच काळात माझे उत्तर मात्र आखडत गेले. जिथे पूर्वी चार ओळी लिहीत होते तिथे नुसता अंगठा दाखवून मी पुढे जाऊ लागले, आणि सकाळच्या वेळी गटात फुलांवर लिहिलेल्या ‘शुभ सकाळ’ची रांग लागू लागली.

फेब्रुवारीत एका रात्री अकरा चाळीसला त्या सूनबाईंनी आपला पहिला फोटो टाकला. ओहोटीच्या वेळचा काळा चिखल आणि त्यात कुणीतरी पेन्सिली उभ्या खोचून ठेवाव्यात तशी वर आलेली शेकडो टोके. खाली लिहिले होते, “हे काय असते? सासूबाई विचारत आहेत.” मी तो प्रश्न वाचला होता. सकाळी नीट लिहू असे मनाशी म्हटले, सकाळपर्यंत त्यावर साठ-सत्तर संदेश साचले आणि उत्तर राहून गेले. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले तेव्हा आमच्यातल्या जाणकारांनी तिथल्या तिवरांविषयी, म्हणजे खारफुटीच्या झाडांविषयी, भरभरून लिहिले होते, आणि त्याच तिवरांविषयीचा एक साधा प्रश्न आम्ही वाऱ्यावर सोडला.

तीन आठवड्यांनी त्या गटातून बाहेर पडल्या. कुणी गट सोडला की त्याची सूचना आता फक्त ॲडमिनला मिळते, त्यामुळे तीनशे ऐंशी माणसांत ते मला एकटीलाच कळले. त्या एका ओळीने मला झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्वतंत्रपणे लिहिले, चुकीची माफी मागितली आणि उत्तरही दिले: ती तिवराची श्वासमुळे आहेत; खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड ती मुळे हवा घेण्यासाठी चिखलाच्या वर काढते. त्यांचे उत्तर आले, “राग नाही हो ताई. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात असे वाटले, मग मध्येच आपण कशाला?”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले आहे. आम्ही जुनी माणसे एकमेकांची थट्टा करतो, अर्धवट वाक्यांतून समजून घेतो, आणि ज्या सलगीला आम्ही आपलेपणा म्हणतो तीच नव्या माणसाला बंद दारासारखी दिसते, हे मला इतक्या वर्षांत एकदाही जाणवले नव्हते.

मला लहानपणीचे आठवते. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, म्हणजे १८९३ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत, मी वडिलांचे बोट धरून जात असे. तिथे पुस्तके देणारे गृहस्थ वडिलांना दिसताच टेबलाच्या खणातून एखादे पुस्तक काढत आणि “हे तुमच्यासाठी मागे ठेवले होते” असे म्हणत. वडील किती वर्षे वर्गणीदार राहिले याचे कारण मला त्या खणात दिसते. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने माणूस साधारण दीडशे जणांशीच खरे नाते टिकवू शकतो असे मांडले. त्या आकड्याविषयी मतभेद आहेत. पण मी एकटी तीनशे ऐंशी खण सांभाळू शकत नाही, एवढे मला पटले.

म्हणून मार्चपासून आम्ही सात जणांनी वार वाटून घेतले. ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवशीचा एकही प्रश्न उत्तराविना झोपू द्यायचा नाही, नव्या माणसाला नावाने हाक मारायची आणि एक तरी गोष्ट उलट विचारायची. नेहमी दिसणारे कुणी आठवडाभर गप्प राहिले तर गटात विचारणा न करता थेट फोन करायचा. चारचौघांत केलेली चौकशी हजेरीसारखी वाटते. वर्तकनगरच्या आजोबांना असा फोन केला तेव्हा आजी रुग्णालयात असल्याचे कळले, आणि शेजारच्याच इमारतीत राहणाऱ्या आमच्या एका सभासदाने पुढचे दहा दिवस त्यांना डबा पोहोचवला. ते दोघे तोवर एकमेकांना केवळ फोटोंवरून ओळखत होते.

आज खाडीकाठी सूनबाईंनी आपल्या सासूबाईंचा, म्हणजे आजींचा, हात धरून त्यांना बंधाऱ्यापर्यंत आणले. आजी रत्नागिरीकडच्या. चिखलातल्या मुळांकडे बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “नाव आता कळले, पण झाड आमच्या ओळखीचे आहे. याचा पाला आम्ही गुरांना घालायचो.” पाला केव्हा तोडायचा, म्हशी तो कशा आवडीने खातात, हे त्या सांगत गेल्या आणि सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. आमच्यात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांनी खिशातून वही काढली आणि “आजी, जरा सावकाश सांगा” असे म्हणून उभ्याउभ्याच लिहून घेतले.

निघताना आजींनी वाटेवरच्या एका काटेरी झुडपाकडे बोट दाखवून हे कोणते असे विचारले. आमच्यापैकी कुणालाच ते सांगता आले नाही. सूनबाई उद्या त्याचा फोटो टाकणार आहेत. उद्या सोमवार आहे आणि पाळी माझी आहे.