छऱ्यांना ग्राफाइटचा हात : जानेवारी ते ऑगस्टच्या नोंदी

मागच्या पावसाळ्यानंतर एअर रायफलच्या छऱ्यांची एक जुनी डबी उघडली, तेव्हा शिशाचे निम्मे छर्रे पांढुरके पडलेले दिसले आणि बोटांना त्यांची पूड लागली. दमट हवेत शिशावर धरणारा हा थर विषारी असतो, शिवाय तो नळीत जाणे इष्ट नाही. त्यामुळे छऱ्यांना ग्राफाइटच्या पुडीचे कोरडे वंगण देऊन पाहण्याचे तेव्हाच ठरवले. माझी एअर रायफल ४.५ मिलिमीटर व्यासाची, नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबण्याच्या पद्धतीची आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरील घराच्या तळमजल्यावर एक लांब बंद गॅलरी आहे. तिथे १० मीटर अंतरावर छर्रे अडवणारी पोलादी पेटी ठेवून आणि डोळ्यांवर चष्मा लावून मी सराव करतो.

तेलाऐवजी कोरडेच वंगण का, हे नव्या मंडळींसाठी सांगणे आवश्यक आहे. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या पुढे झेपावतो, तेव्हा त्याच्यापुढील हवा क्षणार्धात दाबली जाऊन इतकी तापते की तिथे खनिज तेलाचा अंश असल्यास तो पेट घेतो. मग आवाज मोठा येतो, नळीतून धूर निघतो आणि छऱ्याचा वेग दर वेळी वेगळा पडतो. छऱ्यावरचे तेलही थोडेथोडे करून मागे पोहोचते. परदेशात रायफलीची काडतुसे स्वतः भरणारे हौशी लोक पितळी केसच्या, म्हणजे काडतुसाच्या कवचाच्या, मानेच्या आतून ग्राफाइट किंवा अभ्रकाची पूड फिरवतात, म्हणजे मान रुंदावणारा गोळा बाहेर येताना पितळ ओढले जात नाही. मात्र केसचे संपूर्ण अंग डायमध्ये, म्हणजे त्याला पुन्हा आकार देणाऱ्या साच्यात, घालायचे असेल, तर केवळ ग्राफाइट पुरत नाही आणि केस डायमध्येच अडकून बसते. काडतुसातल्या धूरविरहित दारूच्या दाण्यांनाही ग्राफाइटची झिलई दिलेली असते, ती दाणे सुटे राहून नीट ओघळावेत आणि त्यांच्यावर स्थिर वीज साचू नये यासाठी. काडतुसे भरणे हा माझा विषय नाही, परंतु छऱ्यांसाठी ग्राफाइट वापरण्याची कल्पना मला त्यांच्याच पद्धतीवरून सुचली.

जानेवारीत पहिला प्रयोग फसला. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्राफाइटच, असे समजून मी पेन्सिलींच्या काड्या कुटून पूड केली आणि ती छऱ्यांना लावली. पेन्सिलीच्या काडीत ग्राफाइटबरोबर माती असते, हे मी विसरलो होतो. निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये हे मिश्रण भाजून काड्या बनवण्याची रीत काढली आणि आजही काडी कठीण हवी असेल तर मातीचे प्रमाण वाढवतात. म्हणजे वंगण म्हणून मी नळीत बारीक माती घासत होतो. वीस-पंचवीस छर्रे झाल्यावर चूक ध्यानात आली. कापडाच्या चिंध्या ओढून नळी साफ केली आणि ती पूड फेकून दिली. त्यानंतर अंबडच्या एका टूलरूममध्ये काम करणाऱ्या स्नेह्यांनी ग्राफाइटचे इलेक्ट्रोड कापताना पडलेला भुसा देऊ केला. मी तो नम्रपणे नाकारला, कारण तो जाडाभरडा होता आणि त्यात आणखी काय मिसळले असेल याची खात्री नव्हती. शेवटी कुलपांसाठी मिळणारी, पिठासारखी बारीक आणि शुद्ध पूड विकत आणली.

फेब्रुवारीत जी पद्धत बसली, तीच आजही चालू आहे. प्रथम छर्रे कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून अलगद हलवावेत. पाणी करडे होते, ते कारखान्यातून आलेले शिशाचे कण आणि तेल निघाल्यामुळे. मग स्वच्छ पाण्यातून काढून जुन्या सुती धोतराच्या तुकड्यावर रात्रभर सुकवावेत. यासाठीची भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत. रुंद तोंडाच्या बरणीला आतून सुती कापड लावावे, त्यावर पेन्सिलीच्या टोकाएवढीच पूड घासावी आणि शंभरेक छर्रे घालून बरणी आडवी धरून सावकाश फिरवावी. बरणी खळखळ हलवली की छऱ्याचा मागचा पातळ घेर चेपतो, आणि घेर चेपलेला छर्रा सरळ जात नाही. दहा मिनिटांनी छर्रे दुसऱ्या कोरड्या कापडावर लोळवावेत. छर्रा काळा दिसला तर पूड जास्त झाली असे समजावे. नीट हात बसलेल्या छऱ्यावर उजेडात गडद रुपेरी चमक येते आणि तो बोटाने चोळला तर केवळ पुसट छटा उमटते. पूड हाताळताना तोंडावर मास्क हवा, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

थर जाड झाला तर काय होते, हे मी मार्चमध्ये स्वतः भोगले. जादा पूड नळीच्या मागील सांध्याच्या रबरी सीलवर साचली आणि नेम धरताना गालाला वाऱ्याची बारीक फुंकर जाणवू लागली. सांध्यावर टिश्यूपेपरची पट्टी ठेवून छर्रा झाडला, तर पट्टी फडफडली. सील पुसून घेतल्यावर ती जागची हलली नाही. त्या दिवशी दहा छऱ्यांचा गट, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका, १४ मिलिमीटरपर्यंत पसरला होता. पातळ हात दिलेल्या छऱ्यांचा गट ९ मिलिमीटरच्या आसपास येतो, आणि नुसत्या धुतलेल्या छऱ्यांचाही जवळपास तेवढाच. स्पर्धेच्या १० मीटर लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हा माझी रायफल आणि माझा हात अजून कुठे आहे ते यावरून दिसते. ग्राफाइटमुळे नेम सुधारतो, असे मी म्हणणार नाही. फरक दिसतो तो नळी साफ करताना : पातळ ग्राफाइटचे तीनशे छर्रे झाडल्यावर ओढलेल्या चिंधीवर शिशाचे चकचकीत पापुद्रे पूर्वीपेक्षा बरेच कमी येतात. साफ केलेल्या नळीतून मात्र पहिले वीस-तीस छर्रे भरकटतात. नळीत थर बसेपर्यंत त्यांची मोजणी करू नये.

ग्राफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात ते हवेतील बाष्पाच्या साहाय्याने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार उंचावर उडणाऱ्या विमानांतील जनित्रांचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज वाहणारे तुकडे) भराभर झिजत, त्याचे कारण तिथल्या हवेत हे बाष्पच नसे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या कोरड्या वंगणाचा स्वभाव याच्या उलट आहे, कोरड्या हवेत ते अधिक चांगले काम करते. नाशिकची थंडी अंग उकलवणारी असली, तरी ग्राफाइटला पुरेल एवढे बाष्प हवेत राहते आणि जानेवारी-फेब्रुवारीत मला काही त्रास जाणवला नाही.

त्रास झाला तो जुलैमध्ये. सततच्या पावसात दोन आठवडे सराव बंद होता आणि रायफल न पुसता कपाटात राहिली. बाहेर काढली तेव्हा नळीच्या तोंडाशी, जिथे ग्राफाइटची काळी कडा बसली होती तिथेच, तांबूस ठिपके आले होते. ग्राफाइट विजेचा वाहक आहे, त्यामुळे ओलावा मिळाला की त्याच्या शेजारचे पोलाद लवकर गंजते. ठिपके तेलाच्या चिंधीने निघाले आणि सुदैवाने खड्डे पडले नाहीत. आता प्रत्येक सरावानंतर नळीतून तेलाची पुसट चिंधी ओढतो आणि पुढच्या सरावाआधी दोन कोरड्या चिंध्या ओढून ते तेल काढतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकाच डब्यातले छर्रे धुऊन त्यांचे दोन भाग केले : एक नुसता धुतलेला, दुसरा ग्राफाइटचा. दोन्ही डब्या ओलावा शोषणारे सिलिका जेल न घालता, त्याच कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दसऱ्याला उघडल्यावर कोणत्या डबीतील छर्रे पांढुरके पडले, त्याची नोंद छायाचित्रांसह देईन.