उजेडाने सुटणारी साखळी

नागपुरात मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन कामाच्या टेबलापर्यंत पोहोचते, म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीला काळा कागद डकवलेला आहे. आम्ही ज्या रेझिनवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या बारीक मण्यांवर, पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) बांधतो, त्याच्याशी असलेला साखळीचा दुवा प्रकाशाने तुटतो.

ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत पेप्टाइड बांधण्याची पद्धत मांडली आणि १९८४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शेवटी साखळी मण्यावरून सोडवण्यासाठी सहसा हायड्रोजन फ्लोराइड किंवा ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल वापरतात, आणि त्यात अमिनो आम्लांच्या पार्श्वसाखळ्यांवर नको ती अभिक्रिया टाळण्यासाठी तात्पुरते लावलेले संरक्षक गटही बहुधा निघून जातात. हे गट जागेवर ठेवूनच तुकडा पुढे दुसऱ्या तुकड्याशी जोडायचा असेल, तर प्रकाशाइतका सौम्य उपाय मला दुसरा दिसत नाही.

आमचा दुवा ऑर्थो-नायट्रोबेंझिल प्रकारचा, म्हणजे बेंझिनच्या कड्यावर लागूनच नायट्रो गट असलेला, आहे. सुमारे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की नायट्रो गट शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो, बंधांची फेरमांडणी होते, पेप्टाइड द्रावणात उतरते आणि उरलेला नायट्रोसो कार्बोनिल भाग मण्यालाच चिकटून राहतो. खरी अडचण इथेच आहे. हा उरलेला भाग स्वतःच प्रकाश शोषतो. फिकट पिवळसर मणी डोळ्यांदेखत तपकिरी होत जातात आणि बाहेरचा थर आतल्या साखळ्यांपर्यंत जाणारा प्रकाश अडवतो. म्हणून आम्ही रेझिन थोडेच घेतो, भरपूर द्रावकात ते सतत ढवळत ठेवतो आणि घाई करत नाही. त्या शेजारच्या (बेंझिल) कार्बनवर एक मिथिल गट असला, तर आल्डिहाइडऐवजी कीटोन उरतो आणि सुटकाही लवकर होते. भांडे बोरोसिलिकेट काचेचे घ्यावे, कारण ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला बाधणारा ३०० नॅनोमीटरखालचा बराचसा प्रकाश ती काच अडवते. शिवाय मेथिओनिन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून द्रावणातून आधी नायट्रोजन सोडावा.

मागच्या उन्हाळ्यात धुतलेल्या रेझिनचे फनेल मी जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यातल्या कट्ट्यावर ठेवले होते. परत आल्यावर वरचे मणी तपकिरी झालेले दिसले, आणि पुढच्या धुण्याच्या डीएमएफ या द्रावकात आमचेच अर्धवट पेप्टाइड सापडले. तीन आठवड्यांचे काम होते ते. तेव्हापासून प्रत्येक फनेलला पोळ्या गुंडाळण्याची ॲल्युमिनियम फॉइल दुहेरी बांधूनच मी ते जागेवरून हलवते.