करड्या रंगाची सवय

दुपारी पुस्तके आवरताना अ‍ॅलेक्स वेब या अमेरिकी छायाचित्रकाराचे हैतीवरचे पुस्तक हाती लागले आणि आवराआवर तिथेच थांबली. पान उघडताच मनात आले ते ओशाळवाणेच होते: इतक्या गरीब देशात इतके रंग कसे?

ही माझी जुनी खोड. लहानपणी दुष्काळ, भूकंप, बंडाळ्या घरात येत त्या वर्तमानपत्रातल्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांतून. डोळे अगदी जवळ नेले की रडणाऱ्या बाईच्या चेहऱ्याचे नुसते ठिपके होत, बोटांना शाई लागे, आणि पान लांब धरले की ती पुन्हा रडू लागे. तेव्हापासून माझ्यापुरता दुःखाचा रंग करडा ठरून गेला. रंगीत दुःख दिसले की कोणीतरी आपल्याला फसवत आहे, असा संशय येतो.

वेब १९७५ मध्ये हैतीला पहिल्यांदा गेला तेव्हा तोही काळीपांढरीच छायाचित्रे काढत होता. तिथल्या उन्हापुढे ती अपुरी वाटू लागली, तसा काही वर्षांत तो रंगीत फिल्मकडे वळला. त्या काळची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म मोठी हट्टी. उन्हातली भिंत नीट यावी म्हणून प्रकाश बेताने घेतला, की सावलीतला माणूस ठार काळा होऊन जाई.

आणि रंग काही त्याने पदरचे आणले नव्हते. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये धावणारे टॅप-टॅप पाहावेत: पिकअपवर टप चढवलेला, आत बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसे, आणि बाहेर इंचभरही जागा मोकळी न सोडता रंगवलेले संत, फुटबॉलपटू, बायबलमधली वचने. उतरायचे असले की पत्र्यावर टकटक करायची, म्हणून ते नाव. या देशाचा झेंडासुद्धा, तिथली परंपरा सांगते त्याप्रमाणे, १८०३ मध्ये फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून काढून उरलेला निळा आणि लाल एकत्र शिवून झाला. अशा लोकांनी माझ्या समाधानासाठी करडे दिसावे, ही अपेक्षा जरा उद्धटच म्हणायची.

तरीही संशय पुरता गेला, असे नाही. हैतीचा हुकूमशहा दुव्हालिए फेब्रुवारी १९८६ मध्ये देश सोडून पळाला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मतदानाच्या दिवशी मतदारांना केंद्रावरच ठार मारण्यात आले. त्या सकाळीही ऊन लख्ख पडले असेल आणि रस्त्यावरचे संत तितकेच निळे असतील. लहानपणीच्या त्या छायाचित्रांत रक्त आणि सांडलेले पाणी सारखेच काळे दिसे.