शेतातल्या घराचं सिंक: आधी नाली, मग भांडं

दर्यापूर तालुक्यातल्या शेतातल्या घराच्या ओट्यात आम्ही मोठं, समोरची भिंत बाहेर दिसणारं सिंक बसवलं. दुकानात त्याला फार्महाऊस सिंक किंवा एप्रन सिंक म्हणतात. हे बेसिन ओट्याला भोक पाडून आत सोडत नाहीत. ओट्याची पुढची कडच कापायची आणि तिथे सिंकची भिंत येते. पुढे दगडाची पट्टी नसल्यामुळे पाणी साचत नाही, आणि भाताचा मोठा गंज (उभट पातेलं) किंवा कोपर (परात) उचलताना दगडावर आपटत नाही.

निवड करताना पहिला प्रश्न पाण्याचा. आमचा भाग पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातला, बोअरचं पाणी खारट. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्टीलला बारीक खड्डे पाडतं. म्हणून २०२ ग्रेडचं स्टील आम्ही बाजूला ठेवलं. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, खाऱ्या पाण्यात ते लवकर डागाळतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण त्यातून ग्रेड कळत नाही, कारण २०२ आणि ३०४ दोन्हींना चुंबक चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. ३०४ लाही खारं पाणी वाळू देऊ नका, रात्री शेवटचा हात गोड्या पाण्याचा आणि कोरड्या फडक्याचा मारा.

पांढरं चिनी मातीचं सिंक दिसायला फार देखणं. पण ते जड असतं आणि लोखंडी तवा पडला की टवका उडतो. कडप्प्याच्या फरश्या जोडून केलेलं सिंक स्वस्तात होतं, मात्र कोपऱ्यांचे सांधे पुढे गळतात. शेतातल्या घराला १.२ मिमी जाडीचं स्टीलच बरं, असं माझं ठाम मत आहे.

माप ३० बाय १८ इंच घेतलं. खोली १० इंच मिळत होती, आम्ही ९ घेतली. ओटा ३३ इंचांचा. ताठ उभं राहून बोटं सिंकच्या तळाला टेकली पाहिजेत, नाहीतर वाकून वाकून पाठ धरते. घरात भांडी घासणारी जी असेल तिला उभं करून हे माप घ्या, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

३० बाय १८ बाय ९ इंच म्हणजे काठोकाठ भरलं तर जवळपास ८० लिटर पाणी, म्हणजे ८० किलो वजन. ते ग्रॅनाइटला चिकटवून टांगायचं नाही. खाली २५ बाय २५ बाय ३ मिमी लोखंडी अँगलची चौकट केली, रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारला आणि अँगल व स्टीलच्या मध्ये रबराची पट्टी ठेवली. रबर नसेल तर लोखंडाचा गंज सिंकवर उतरतो आणि भांडं ठेवलं की घणघण आवाज येतो.

ओटा कापण्याआधी सिंक घरी आलेलं असावं. कागदावरच्या मापात आणि प्रत्यक्षात दोन-तीन मिमीचा फरक निघतो. सिंकची पुढची भिंत ओट्याखालच्या पल्ल्यांच्या अर्धा इंच पुढे ठेवली, म्हणजे ओघळ पल्ल्यांवर न येता सरळ फरशीवर पडतो. दगड आणि स्टीलमधल्या फटीत न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कडप्प्याजवळ नको. कडप्पा चुनखडीचा दगड आहे, त्या सिलिकॉनमधल्या आम्लाने तो पांढरा पडतो. सिलिकॉन भरल्यावर पूर्ण एक दिवस पाणी लावू नका.

सिंकवरचं प्लास्टिक काम संपेपर्यंत काढू नका, वरून गोणपाट टाका. कटर मशीनने लोखंड कापताना उडालेले कण स्टीलवर बसतात आणि दोन दिवसांत तांबूस ठिपके दिसतात. लोक म्हणतात स्टील खोटं निघालं, पण तो गंज त्या कणांचा असतो. शेवटी टाइल्स धुवायला मिस्त्री अॅसिड वापरतात, त्याची वाफसुद्धा सिंकला डाग पाडते. क्षाराचा पांढरा थर लिंबाने निघतो, अॅसिडची गरज नाही.

आता खरं काम: पाणी जाण्याची वाट. आमची चूक इथेच झाली होती. पहिल्या खेपेला ४० मिमी पाइप भिंतीतून काढून सिमेंटने पक्का केला आणि तसाच काळ्या मातीत पुरला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. भिंत जागेवर राहिली, माती हलली, आणि भिंतीलगत पाइप तुटला. पाणी पायाशी मुरत राहिलं.

दुसऱ्यांदा भिंतीत ७५ मिमी पाइपचा तुकडा बसवला आणि ४० मिमी पाइप त्यातून मोकळा ठेवला, फट जाळी व सिलिकॉनने बंद केली. भिंतीबाहेर लगेच ७५ मिमीचा रबर रिंगवाला पाइप. रिंगच्या सांध्यात पाइप पूर्ण आत घालून १० मिमी मागे ओढायचा. उन्हात पीव्हीसी लांबतो. ४ मीटरच्या पाइपमध्ये ३० अंशांच्या फरकाने सुमारे ८ मिमी वाढ होते. जागा ठेवली नाही तर सांधा वाकतो. नाली दीड फूट खोल खणली आणि पाइपच्या खाली-वर चार इंच चुरी (दगडाचा बारीक चुरा) टाकली. उतार मीटरला अडीच सेंटिमीटर.

ट्रॅप म्हणजे सिंकखालचा पाणी अडवून ठेवणारा तुकडा; तो बाटलीसारखा, खाली वाटी असलेला घेऊ नका. आपल्याकडे भांडी अजूनही राखेने घासतात. राख त्या वाटीत बसते, वर तर्रीचं तेल चिकटतं, आणि त्याचा घट्ट गोळा होतो. आम्ही साफ करायच्या बुचाचा पी ट्रॅप (वळणदार पाइपचा) लावला, पाण्याची अडण ५० मिमीची. राखेची घासणी सांदवाडीतल्या (घरामागच्या अंगणातल्या) मोरीवर, सिंकमध्ये फक्त धुवायचं. वर सिंकच्या भोकात ४ इंची कपलिंग (पाइपला जोडणारा तुकडा), जाळीच्या वाटीसह.

बाहेर दीड फूट चौकोनी हौद आहे. त्यातून पाणी बाहेर नेणारी नळी टी लावून खाली वळवली, म्हणजे तेल वर तरंगून अडतं आणि खालचं पाणी पुढे जातं. पंधरा दिवसांनी वरचा थर काढायचा. शोषखड्डा काळ्या मातीत लवकर तुंबतो, कारण ओली माती फुगून पाणी घेईनाशी होते. म्हणून आम्ही पाणी केळी आणि अळूच्या सरीत सोडलं, विहिरीपासून लांब.

नळ भिंतीतून काढला, दगडाला भोक पाडलं नाही. टाकी नळापेक्षा १० फूटच वर आहे, इतक्या कमी दाबाला नळाच्या तोंडाची फेसाची जाळी (पाण्यात हवा मिसळणारी) नको, ती क्षारानेही तुंबते. नळाचं तोंड सिंकच्या काठापासून १० इंच वर ठेवलं, भाताचा गंज खाली मावतो.

तपासणी बारीक धारेने होत नाही. बुच लावून सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडा, आणि खाली प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून बघा. आमच्या कपलिंगचा वॉशर तिरपा बसलेला याच चाचणीत सापडला.

घर उन्हाळ्यात महिनाभर बंद राहणार असेल, तर निघताना सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे खायचं तेल सोडा. ट्रॅपमधलं पाणी उडून जात नाही आणि झुरळं पाइपमधून वर येत नाहीत.