गॅरेजच्या भिंतीवर जुने स्टिकर मांडताना

माझ्याकडे मोटारींशी संबंधित सुमारे दीडशे जुने स्टिकर आहेत. त्यांतले निम्मे माझ्या काकांनी जमवलेले. काकांनी आयुष्यभर मेकॅनिकचे काम केले, आणि इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, टायर अशा वस्तूंबरोबर जे स्टिकर हाती येत, ते कुठेही न चिकटवता त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले. उरलेले मी गेल्या वीस वर्षांत गोळा केले. हा डबा वर्षातून एकदा उघडायचा आणि पुन्हा मिटायचा, याची मला हळहळ वाटे, म्हणून ते सारे गॅरेजच्या भिंतीवर मांडायचे असे मी ठरवले.

सुरुवातीलाच माझ्या हातून एक चूक झाली आणि ती आजही मनाला लागून आहे. सहा स्टिकरांचा मागचा कागद सोलून मी ते थेट अवजारांच्या लोखंडी कपाटाच्या दारावर चिकटवले. दोन वर्षांत लाल रंग गुलाबीवर आला, विनाइल आक्रसले, आणि प्रत्येक स्टिकरभोवती उघड्या पडलेल्या डिंकाची काळपट, धूळ धरणारी चौकट उमटली. विनाइल म्हणजे पीव्हीसी. ते लवचीक राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते आणि उष्णतेने व वयाने ते हळूहळू बाहेर पडत जाते, तसा स्टिकर ताठ होतो आणि आखडतो. काढायला गेलो तेव्हा दोन फाटले आणि बाकीच्यांचा डिंक दारावरच राहिला. त्यानंतर मागचा कागद काढायचा नाही हे मी कायमचे ठरवून टाकले. पुष्कळदा त्याच कागदावर चिकटवण्याच्या सूचना किंवा छापखान्याचे नाव असते, आणि स्टिकरचा काळ ठरवताना त्याचा फार उपयोग होतो.

मग मी संग्रहाची नीट वर्गवारी केली, आणि जुन्या स्टिकरांत किती भिन्न प्रकार असतात हे तेव्हाच खऱ्या अर्थाने कळले. स्टॅन्टन एव्हरी यांनी १९३५ मध्ये स्वतःच चिकटणारी लेबले तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला, पण त्यानंतरही कित्येक वर्षे मोटारींवर पाण्यात भिजवून सरकवायची डिकॅल लावली जात. अशा डिकॅलमध्ये कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या खळीचा थर असतो आणि त्यावर शाई व वार्निश यांचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. पाण्यात बुडवले की खळ सुटते आणि चित्र अलगद सरकून धातूवर किंवा काचेवर बसते. काकांच्या डब्यात स्पार्क प्लगचे असे एक डिकॅल आहे. ते उजेडात तिरपे धरले की पिवळ्या जमिनीवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसते, आणि काळ्या अक्षरांच्या कडेला शाईचा थर बोटाला जाणवेल इतका उंच लागतो. हवेतला ओलावासुद्धा त्याची खळ चिकट करू शकतो, आणि खळ व कागद हे दोन्ही कसरीचे आवडते खाद्य आहे. म्हणजे जे सर्वांत जुने, तेच गॅरेजमध्ये सर्वांत नाजूक.

गॅरेज ही खरे तर कागदासाठी अवघड जागा आहे. तिथे दिवसा आणि रात्री तापमानात मोठा फरक पडतो, एंजिनाचा धूर आणि पेट्रोलची वाफ असते, आणि शटर उघडले की ऊन थेट आत येते. मी एक आर्द्रतामापक घेऊन तो तीन महिने वेगवेगळ्या भिंतींवर टांगून पाहिला. बाहेरच्या भिंतीवर आकडा सतत वर चढे; घराला लागून असलेल्या आतल्या भिंतीवर तो बहुतेक दिवस पन्नास टक्क्यांच्या आसपास राही, आणि तिथे ऊनही पोहोचत नव्हते. हे तीन महिने थांबल्याचे मला अतिशय समाधान आहे, कारण मनातून मी निवडलेली भिंत दुसरीच होती.

चौकटींसाठी मी आम्लरहित पुठ्ठा वापरला. स्टिकर त्यावर चिकटवायचे नव्हते, म्हणून फोटो बसवायचे पॉलिएस्टरचे पारदर्शक कोपरे घेतले आणि चारी कोपऱ्यांत स्टिकर नुसता अडकवला. प्लॅस्टिकच्या पाकिटांबाबतही सावध राहावे लागते: पीव्हीसीच्या मऊ पाकिटात शाई पाकिटालाच चिकटू शकते, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनमध्ये ती भीती नसते. समोर काचेऐवजी अतिनील किरण अडवणारे अ‍ॅक्रिलिक बसवले आणि ते स्टिकरला टेकू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी कापून घातली. डिकॅलच्या बाबतीत ही फट फारच महत्त्वाची आहे, कारण दमट दिवसांत वार्निश अ‍ॅक्रिलिकला धरले, तर चित्र पुन्हा सुटे होत नाही. चौकटीच्या मागच्या बाजूस खाली बुचाचे छोटे तुकडे लावले, जेणेकरून भिंत आणि चौकट यांच्यामध्ये हवा खेळती राहील.

उजेडाचा विचार मी सर्वांत जास्त केला. अतिनील किरण अडवले तरी साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग उडतोच, आणि उडालेला रंग अंधारात ठेवून परत येत नाही. संग्रहालये अशा नाजूक छापील कागदांसाठी साधारण पन्नास लक्सची (लक्स म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) मर्यादा पाळतात. मी एलईडीचे मंद दिवे लावले, ते गॅरेजच्या मुख्य दिव्यांपासून वेगळ्या बटणावर घेतले आणि कामाचा प्रखर दिवा दुसऱ्या भिंतीकडे वळवला.

मांडणी कंपन्यांनुसार न करता काळानुसार केली. डावीकडे डिकॅल, मध्ये कागदी स्टिकर, उजवीकडे शर्यतींच्या काळातले विनाइल. फॉर्म्युला वनमध्ये १९६८ पासून प्रायोजकांच्या रंगांना मोकळीक मिळाली, आणि त्यानंतर गाडीचे अंग आणि स्टिकर हे समीकरणच होऊन बसले. त्या भागाच्या मध्यभागी गल्फ या तेल कंपनीचा फिकट निळा आणि नारिंगी स्टिकर आहे. याच रंगांतल्या एकाच फोर्ड जीटी४० गाडीने १९६८ आणि १९६९ अशी सलग दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती, आणि ती गोष्ट माहीत असलेला माणूस त्या चौकटीपुढे थांबल्याशिवाय राहत नाही.

कपाटाच्या दारावर काहीतरी असावे ही माझी इच्छा कायम होती. त्यासाठी चौकटीत जाण्यापूर्वी प्रत्येक स्टिकर ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवला आणि त्यातल्या काहींच्या प्रती छापून दारावर लावल्या. प्रतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रत’ असे लिहिले आहे, म्हणजे पुढे हा संग्रह ज्याच्या हाती जाईल त्याची फसगत होणार नाही.

एका वेळी भिंतीवर चोवीस चौकटी असतात आणि दर सहा महिन्यांनी आतले स्टिकर बदलून आधीचे अंधाऱ्या पेटीत विश्रांतीला जातात. काकांच्या स्पार्क प्लगच्या डिकॅलची पाळी या महिन्यात संपते आहे. त्याच्या जागी येणाऱ्या टायरच्या डिकॅलसाठी पुठ्ठ्याची नवी खिडकी कापून तयार आहे.