बेचाळीस प्रोटिएज आणि गायब झालेलं पाणी

तर झालं असं की थीसिसच्या तिसऱ्या चॅप्टरसाठी मला एचआयव्ही प्रोटिएजच्या (एचआयव्ही विषाणूचं एक एन्झाइम) ४२ स्ट्रक्चर्सचे फोटो हवे होते, प्रत्येकात वेगळा इनहिबिटर (एन्झाइमचं काम अडवणारा रेणू), आणि सरांचं एकच म्हणणं, "सगळे एकाच अँगलने पाहिजेत, नाहीतर बघणारा कंपेअर काय करणार?" बरोबरच आहे म्हणा. पहिले सहा मी हाताने केले, पायमॉल (रेणूंची थ्रीडी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) उघडा, फाइल लोड करा, कार्टून, रंग, माउसने फिरवत बसा, मग रे (म्हणजे चित्र नीट रेंडर करायचं), मग सेव्ह, आणि सहाव्यापर्यंत पोचले तर पहिल्यात नक्की कुठला निळा घेतलेला तेच आठवेना.

पायमॉलच्या नावातला 'पाय' हा पायथनचाच, वॉरन डिलॅनोने २००० साली ते काढलं तेव्हापासून ते स्क्रिप्टने चालतं, आणि मी दोन वर्षं माउस घासत बसले होते. हसू नका.

अँगलचं काम सोपं निघालं. एकदा मनासारखं फिरवून घ्यायचं आणि गेट व्ह्यू म्हणायचं, १८ आकडे मिळतात, त्यातले ९ रोटेशनचे, बाकी कॅमेरा कुठे आहे, पुढून-मागून किती कापायचं वगैरे. ते उचलून स्क्रिप्टमध्ये सेट व्ह्यूला चिकटवले. पण त्याआधी सगळी स्ट्रक्चर्स एकावर एक बसवावी लागतात हे विसरू नका, मी सगळी १एचएसजीवर अलाइन केली (हा प्रोटीन डेटा बँकेतल्या एका स्ट्रक्चरचा कोड, इंडिनाविर हे औषध बसलेलं, बहुतेकांनी डॉकिंगच्या प्रॅक्टिकलला हेच वापरलेलं असतं). कारण प्रत्येक क्रिस्टलचे कोऑर्डिनेट्स आपापले, कॅमेरा तोच ठेवला तरी प्रोटीन भलतीकडेच, फोटोत नुसता पांढरा कागद.

रात्री २४०० पिक्सेल रुंदीला, म्हणजे ३०० डीपीआयने ८ इंच, लूप लावून झोपले. विंडो न उघडता चालवता येतं, मायनस सी लावायचं. सकाळी बघते तर पहिला फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा आणि उरलेले ४१ काळेकुट्ट! मी पांढरा रंग लूपच्या वर सेट केलेला आणि लूपच्या शेवटी रीइनिशियलाइझ टाकलेलं, ते नुसती मॉलिक्यूल्स काढत नाही, सेटिंग्जपण सगळी पुसून टाकतं. तिथे डिलीट ऑल पुरे होतं. एक रात्र गेली.

दुसऱ्या रात्रीनंतर काही फोटोंत एकच अ‍ॅस्पार्टेट (हे एक अमिनो आम्ल) दिसत होता. आता ह्या एन्झाइमची दोन सारखी अर्धुकं, ९९-९९ रेसिड्यूंची (म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लांची), आणि दोन्हीकडचा २५ नंबरचा अ‍ॅस्पार्टेट मिळून काम करतो, तर एक जाईल कुठे? काही फाइल्समध्ये दुसऱ्या चेनचे नंबर १०१ पासून सुरू होतात, म्हणजे तिथला २५ हा १२५ असतो. ज्यानं त्यानं आपल्या मनाने नंबर दिलेत, आपण काय बोलणार. स्क्रिप्टमध्ये दोन्ही लिहिले. काहींत इनहिबिटर दोन्ही दिशांनी बसवलेला असतो, तिथे पहिलं कन्फॉर्मेशन ठेवून बाकीचं उडवलं.

मग वाटलं झालं बुवा एकदाचं, सगळे फोटो लॅबच्या मोठ्या स्क्रीनवर लावले, तर आमची ज्युनिअर म्हणाली, "ताई, पाणी कुठंय?"

पाणी! प्रोटिएजचे दोन फ्लॅप इनहिबिटरवर झाकणासारखे येतात ना, त्यांच्या टोकाचे आयसोल्युसिन ५० आणि इनहिबिटर यांच्या मधोमध एक पाण्याचा रेणू असतो, हायड्रोजन बाँडने दोघांना धरून. आणि मी सवयीने सगळ्यात वर रिमूव्ह सॉल्व्हंट (म्हणजे पाणी वगैरे काढून टाक) लिहिलेलं. प्रत्येक ट्युटोरियलमध्ये तेच असतं, आपण हात न थरथरता कॉपी करतो. हाताने करत असते तर एखाद्या तरी फोटोत ते राहून गेलं असतं आणि माझ्याच लक्षात आलं असतं, स्क्रिप्टने मात्र अगदी शिस्तीत सगळीकडून पुसलं होतं.

आता सॉल्व्हंट काढते पण आयसोल्युसिन ५० च्या नायट्रोजनपासून ३.५ अँगस्ट्रॉमच्या आतलं आणि इनहिबिटरपासूनही तेवढ्याच अंतरातलं पाणी सोडून (आणि हो, ५० सोबत १५० पण). ते लाल गोळा म्हणून दाखवते.

परत रात्रभर. सकाळी एकेक फोटो मोजत होते, लाल गोळा आहे, आहे, आहे, आणि १एचव्हीआरला नाही. झालं, परत बग, म्हणून चहा तसाच ठेवून फाइल उघडली. त्यातला इनहिबिटर सायक्लिक युरिया आहे, पाण्याला हाकलून त्याच्या जागी युरियाचा ऑक्सिजन बसावा म्हणूनच १९९४ च्या सुमारास ती मॉलिक्यूल्स डिझाइन केली होती. ऑक्सिजन बरोब्बर तिथेच बसलेला होता. तो फोटो आता चॅप्टरच्या पहिल्या पानावर घेतलाय, १एचएसजीच्या शेजारी.