एवढ्याशा गाडीत कसली मजा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्टाफरूममध्ये, बेळगावला टिळकवाडीत आमच्या गल्लीत, लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीला, सगळीकडे मला हेच विचारतात. "बाई, आता तरी मोठी गाडी घ्या की. या जुन्या मारुती झेनमध्ये कसली मजा येते तुम्हाला?" मी जांबोटीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. पिरनवाडी, किणये, रणकुंडये करत रोजचं जाणं-येणं. त्या रस्त्यावर गाडी चालवणं हा माझ्या दिवसातला फार आवडीचा भाग आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

मजा म्हटलं की लोकांना वेग आठवतो. झेन १९९३ साली आली तेव्हा तिच्या ९९३ सीसीच्या इंजिनाची ताकद होती ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. आजची कुठलीही गाडी तिला सहज मागे टाकते. पण तिचं वजन साडेसातशे किलोच्या घरात आहे आणि मोठ्या एसयूव्हीचं दीड ते दोन टन. माझी सगळी मजा या फरकात आहे.

नववीतला हुशार पोरगा इथे हटकून हात वर करतो. "बाई, वजन वाढलं की घर्षणही तेवढंच वाढतं ना? मग वळणावर दोन्ही गाड्या सारख्याच." पुस्तकात तसंच आहे, पण टायरचं रबर पुस्तकाप्रमाणे वागत नाही. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. त्यात गाडी उंच असेल तर वळणात वजन बाहेरच्या दोन चाकांवर कलतं आणि आतली दोन चाकं नुसती सोबतीला राहतात.

दुसरी गोष्ट मी वर्गात काठीने दाखवते. हातभर काठी मधोमध धरून डावी-उजवीकडे गर्रकन फिरवायची. मग तेच आठ फुटी बांबू धरून करायचं. बांबू हलायलाच वेळ घेतो आणि एकदा फिरला की थांबत नाही. गाडीचंही असंच. झेनच्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २,३३५ मिलिमीटर अंतर आहे, आणि चाकांच्या पुढे-मागे गाडी फारशी उरतच नाही. मनगट वळलं की नाक वळलं, मध्ये वाट बघणं नाही.

चाकं पार टोकांना बसवायची ही युक्ती आपल्याकडची नव्हे. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर आलं आणि कमी पेट्रोल पिणारी लहान गाडी हवी झाली. ॲलेक इसिगोनिस या इंजिनिअरने इंजिन आडवं बसवलं, चाकं पार चार कोपऱ्यांत ढकलली आणि १९५९ मध्ये मिनी आणली. लांबी जेमतेम तीन मीटर. करायला गेले जागेची आणि पेट्रोलची बचत, पण वळणावर ती गाडी अशी काही चिकटून जायची की १९६४, १९६५ आणि १९६७ ची मॉन्टे कार्लो रॅली ही मोटारींची शर्यत मिनीने जिंकली, तीही डोंगरातल्या बर्फाच्या रस्त्यांवर. आडवं इंजिन आणि ओढणारी पुढची चाकं हीच मांडणी पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी घेतली. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्येही तीच होती.

आता खरं कारण. ते हातात आहे.

माझ्या झेनला पॉवर स्टेअरिंग नाही. बाजारात, बोगारवेसला गाडी लावताना खांदे भरून येतात, हे कबूल. पण आषाढात कणकुंबीच्या रस्त्याला लागा. वर झाडं, खाली पानांचा चिखल, वळणापलीकडे धुकं. तिसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरलं की स्टेअरिंग हाताला ओढ देतं, सरळ व्हायला बघतं. ती ओढ म्हणजे पुढचे टायर रस्ता धरून आहेत. पाण्याचा ओहोळ आला की ती ओढ ढिली पडते, लगाम सैल झाल्यासारखी. गाडी अजून घसरलेली नसते. टायर त्याच्या पकडीच्या हद्दीजवळ गेला की सरळ होण्याची ही ओढ आधी कमी होते, पकड त्यानंतर सुटते. म्हणजे गाडी आधी निरोप देते. मी ॲक्सिलरेटर थोडा सोडते, नाक परत आत येतं, हाताला ओढ परत लागते. हे सगळं पस्तीस-चाळीसच्या वेगात. मोठ्या गाडीत पॉवर स्टेअरिंगमुळे हाच निरोप हाताला पुसटच लागतो.

रुंदीचंही बघा. आतल्या गावांना जाणारा एकेरी डांबरी रस्ता मानकाप्रमाणे ३.७५ मीटरचा. वस्तीची बस अडीच मीटर, माझी झेन दीड मीटरला किंचित कमी. समोरासमोर आलो तर माझ्या एका बाजूची चाकं साइडपट्टीवर उतरतात, ड्रायव्हर हात करतो, झालं. एसयूव्ही असेल तर अर्धी गाडी गवतात किंवा कुणीतरी मागे घ्यायची. आणि रस्ता मोकळा असेल तेव्हा मला त्यात सव्वादोन मीटर जागा उरते. खड्डा चुकवायला, वळण बाहेरून धरून आत कापायला. तेही पुढचं स्पष्ट दिसत असेल तरच.

हे सांगताना एक गोष्ट लपवणार नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारं एबीएस नाही. आपल्याकडे दोन्ही सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. हायवेने निपाणीकडे जाताना तवंदी घाटात ट्रक शेजारून गेला की ती हलते, तिथे मला तिळमात्र मजा येत नाही आणि घरची माणसं बरोबर असतील तर मी ती नेत नाही. तुम्ही आज घेणार असाल तर नवीच घ्या, पण वजनाचा आकडा विचारून घ्या. स्विफ्टसारखी गाडी आजही हजार किलोच्या आत आहे. टचस्क्रीन किती इंचाचा हे नंतर विचारा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत नव्या आलेल्या बाईंनी हाच प्रश्न विचारला. त्यांच्याकडे मोठी गाडी आहे. मी किल्लीच त्यांच्या हातात दिली. जांबोटी सोडेपर्यंत त्या रेडिओवरची गाणी लावून, शाळेतलं काहीबाही बोलत चालवत होत्या. पहिल्या वळणाला त्यांचं बोलणं थांबलं. दुसऱ्याला त्यांनी काच खाली केली. तिसरं वळण यायच्या आधी गिअर खाली टाकला, इंजिनचा आवाज वर चढला आणि त्यांनी डावा हात लांब करून रेडिओ बंद केला.